ज्योत्स्नाबाई म्हणजे फक्त 'बोला अमृत बोला' नव्हे

कोणीतरी म्हटलंय की ज्योत्स्ना भोळे मुळात गायिका, नाटक आपलं जोडीला. अजिबात पटलं नाही! १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात त्या उभ्या राहिल्या, तेव्हा बायकांची कामं पुरुषांनीच करायची सवय पुरती गेली नव्हती, आणि तिथलं 'एकलेपणाची आग लागली हृदया' ऐका, गाणं आटोपशीर, तानांचा मारा नाही, केशवराव भोळ्यांची चालच अशी की भाव पुढे आणि गळा मागे. मग १९४२ ला 'कुलवधू' नाटक, त्यातली भानुमती. त्यातली 'बोला अमृत बोला' ही मास्टर कृष्णरावांनी चाल दिलेली भैरवी सगळ्यांना पाठ आहे, पण शब्द किती स्वच्छ टाकलेत बघा, एकही अक्षर सुरात हरवत नाही. हे नुसत्या गवयाला जमत नाही हो, त्याला नटीच लागते.