केन हिलचे लॉक एकट्या बोटीने चढताना पॅडल (पाणी सोडायची झडप) कोणतं आधी? मदत हवी आहे

इंग्लंडमध्ये डिव्हाइझेसजवळ केनेट अँड एव्हन कालव्यावरचे केन हिलचे लॉक (दारं लावून, पाणी भरून बोट वर चढवणारे कालव्यातले हौद) नॅरोबोटीने (कालव्यातल्या अरुंद, लांब बोटीने) चढायचे आहेत. एकूण 29 लॉक, 237 फुटांची चढण. त्यातले मधले 16 टेकडीवर सरळ एका रांगेत. दोन लॉकमध्ये जागाच नाही, म्हणून पाण्याचा साठा बाजूच्या तळ्यांत. अभियंता जॉन रेनीची ही रचना फार देखणी आहे!

लॉक सुमारे 14 फूट रुंद, बोट जेमतेम 7 फूट. जोडीला दुसरी बोट असली तर प्रश्नच मिटला. एकटी बोट मात्र पाणी भरताना आडवी फिरते आणि नाळ (बोटीचं पुढचं टोक) वरच्या दारात अडकू शकते. बेत असा: बोट ज्या भिंतीला, त्याच बाजूचं ग्राउंड पॅडल (जमिनीखालच्या वाटेने पाणी सोडणारं) आधी अर्धंच उघडायचं, पाणी समोरच्या भिंतीवरून उलटून बोटीला जागेवर दाबून धरतं. दारातलं पॅडल वरच्या दाराखालचा उंबरठा बुडाल्यावरच, नाहीतर धार थेट पुढच्या डेकवर.

केन हिलच्या सगळ्या लॉकमध्ये हे जमतं का? मधल्या दोरीचा एक वेढा बोलार्डला (काठावरच्या दोरी बांधायच्या खुंटाला) पुरेल, की पुढची दोरीही हवी? माणसं दोनच, त्यातलं एक सुकाणूवर.