राजीनामा दिला म्हणून पगार आणि मार्कशीट अडवायची?

कुपवाडकर
माझा भाचा कुपवाड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं प्रोग्रॅमिंग करतो. चाकणला नोकरी लागली, महिन्याभरात हजर व्हायचंय. अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोटीस ९० दिवसांची आहे. त्यानं लेखी दिलं की ३० दिवस काम करतो, उरलेल्या दिवसांचे पैसे हिशेबात धरा. मालकांनी झालेल्या महिन्याचा पगार थांबवला आणि जॉइनिंगला ठेवून घेतलेली डिप्लोमाची ओरिजिनल मार्कशीटही देत नाहीत. त्याच लेटरमध्ये कंपनीला त्याला काढायचं असेल तर ३० दिवस पुरतात!

माझं स्पष्ट मत आहे: नोटीस कमी पडली तर तो पैशांचा व्यवहार आहे, तेवढाच मिटवा. घाम गाळून कमावलेला पगार आणि माणसाचे स्वतःचे कागद अडवायचा हक्क कुणालाही नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेचं कलम १७ सांगतं की राजीनामा दिलेल्याचा पगार कामकाजाच्या दोन दिवसांच्या आत चुकता करायचा. १९३६ च्या जुन्या कायद्याला शेवटी महिना २४,००० रुपयांची मर्यादा होती, त्यापेक्षा जास्त पगाराचे लोक त्यातून सुटायचे. आता तसं नाही.

वर्कशॉपवाला, मिरज
भाऊ, त्या मालकांना मी ओळखत नाही, पण त्यांची अडचण मला रोजची आहे. वीसेक माणसांचं आमचं शॉप. डिप्लोमा करून आलेल्या पोराला पहिलं वर्ष आम्ही शिकवतो. टूल मोडतात, जॉब रिजेक्ट होतात, सगळं आमच्या खिशातनं. हात बसला की चाकण-रांजणगावचा फोन येतो. प्रोग्रॅमर गेला की मशीन उभं, मशीनचा हप्ता मात्र चालूच. माल वेळेत पोचला नाही की पार्टी डेबिट नोट लावते, म्हणजे आमच्या बिलातनं पैसे कापते. दुसरा प्रोग्रॅमर इथं महिन्यात मिळत नाही, म्हणून ९० दिवस लिहावे लागतात. सही करताना वाचलं नव्हतं का? आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विजया बँकेचा २ लाखांचा बॉण्ड वैध ठरवलाच की.

वकील, सांगली
दादा, तो निकाल पुरता बघा. तीन वर्षं नोकरी, नाहीतर २ लाख, अशी अट होती. त्या अधिकाऱ्यानं राजीनामा दिला, हरकत नोंदवून पैसे भरले आणि आयडीबीआय बँकेत रुजू झाला. वाद रकमेचा होता, त्याला अडवून कुणी ठेवलं नव्हतं. सरकारी बँकेला रिकाम्या जागेसाठी पुन्हा जाहिरात देऊन भरती करावी लागते, हा खर्च कोर्टानं विचारात घेतला. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. मिळते ती वाजवी भरपाई. आणि नोकरी करच, असा हुकूम खासगी मालकाला कोर्टातून मिळत नाही. नुकसान झालं असेल तर दावा लावा. मार्कशीटचा त्याच्याशी काय संबंध?

एचआर, विश्रामबाग
मला मालकांची बाजू पटते. ॲडव्हान्स, टूल्स, प्रोग्रॅमचा बॅकअप यांचा ताळा दोन दिवसांत लागत नाही. रिलीव्हिंग लेटरवर (नोकरीतून मोकळं केल्याच्या पत्रावर) सही करताना मी लिहून देते की हा माणूस जबाबदारी पुरी करून गेला. नोटीस अर्धवट असेल तर तसं मी लिहिणार नाही. मग जो बिचारा पूर्ण ९० दिवस थांबतो, त्याच्या पत्राला काय किंमत राहिली?

कुपवाडकर
ताई, खरं तेच लिहा. राजीनाम्याची तारीख, शेवटचा दिवस, ६० दिवसांची नोटीस बाकी, त्याची रक्कम ठरली. एवढं लिहिलेलं पत्र आम्हाला चालेल. पण पत्रच द्यायचं नाही म्हणजे पोराची पुढची नोकरी घालवणं झालं. प्रोग्रॅमची यादी आणि बॅकअप कुठं आहे ते त्यानं मेलवर दिलंय. आणि हो, एका पगारातून सगळ्या कपाती मिळून निम्म्याच्या वर जाता येत नाही, हेही त्याच संहितेत आहे.

मिरजेतली सिस्टर
आमच्याकडं हे सर्रास चालतं. एका हॉस्पिटलनं माझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन ओरिजिनल ठेवून घेतलं. सोडताना म्हणाले, बॉण्डचे पैसे आणा, मग कागद. दुसरीकडं झेरॉक्स चालली नाही आणि ती जागा गेली. ज्या वयात चार पैसे जोडायचे, त्या वयात मुली स्वतःच्याच सर्टिफिकेटसाठी हेलपाटे घालतात. याचा मला फार राग येतो.

वर्कशॉपवाला, मिरज
सिस्टर, कागद ठेवणं वाईटच, आमच्याकडं ठेवत नाहीत. पण पगार झाला की दुसऱ्या दिवशी फोन बंद करून जाणाऱ्याचं काय करायचं? पंधरा-वीस हजारांसाठी कोण कोर्टात जातो? माझ्या हातात राहतो तो त्याचा थकलेला पगारच. तोही सोडायचा तर नोटीस कशाला लिहायची?

वकील, सांगली
न सांगता गेलेला आणि लेखी देऊन महिनाभर काम केलेला, दोघांना एका मापानं मोजू नका. पहिल्याला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवा. दुसऱ्याचा हिशेब करा. लेटरमध्ये मुदत दोन्हीकडून सारखी ठेवा. कमी दिवसांचे पैसे कसे धरायचे तेही लिहा. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची, नोटीस कमी पडली म्हणून ती जप्त होत नाही. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख मालकानं भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कामगार स्वतः ऑनलाइन भरू शकतो.

वर्कशॉपवाला, मिरज
दोन्हीकडून ९० लिहायची माझी तयारी आहे. दोन दिवसांत पगार सोडणं मात्र लहान धंद्याला अन्यायाचं आहे, यावर मी ठाम आहे.

कुपवाडकर
मग कायदा बदलायला तुमच्या असोसिएशनतर्फे मागणी करा, तो तुमचा हक्क आहे. तोवर आहे तो पाळावा लागेल. सोमवारी आम्ही सांगलीच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात पगारासाठी अर्ज देतोय. मार्कशीटसाठी वकीलताई, नोटीस तुमच्याकडूनच काढू. कागद घेऊन कधी येऊ ते सांगा.