मदत हवी आहे : जर्मनीत वाट चुकल्यास ‘मी कुठे आहे’ हे कसे विचारावे?

नमस्कार. लेकीच्या बाळंतपणासाठी मी लवकरच स्टुटगार्टला जाणार आहे. दुपारी ती विश्रांती घेत असताना किराणा, भाजी आणि औषधे आणण्याचे काम माझ्याकडे असेल. शहर खोलगट भागात वसलेले असून भोवतीच्या चढांवर चारशेहून अधिक जुने दगडी जिने आहेत. एका जिन्याऐवजी दुसऱ्याने उतरले की माणूस भलत्याच रस्त्याला लागतो, असे लेक सांगते. मोबाइलमध्ये नकाशा असेलच. पण तो ऐन वेळी बंद पडला तर समोरच्या माणसाशी त्याच्या भाषेत दोन वाक्ये बोलता यावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पुस्तकातून मी ही वाक्ये उतरवून घेतली आहेत : ‘एंटशुल्डिगुंग, वो बिन इश?’ (माफ करा, मी कुठे आहे?) आणि ‘वी कोमे इश झुम बानहोफ?’ (स्टेशनला कसे जाऊ?). ती बरोबर आहेत का? उच्चार देवनागरीत नेमके कसे लिहावेत? आणि मुख्य अडचण अशी की, प्रश्न पाठ करून विचारता येईल, पण समोरून भराभर आलेले उत्तर मला कळणार कसे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

ताई, आपली अडचण अगदी रास्त आहे. मी जर्मन शिकवते आणि नवख्यांना नेहमी सांगते, की ज्याचे उत्तर बोटाने दाखवता येईल असाच प्रश्न विचारावा. नुसते ‘वो बिन इश?’ व्याकरणाने बरोबर असले तरी ऐकणारा क्षणभर गोंधळतो. त्याऐवजी आधी ‘इश हाबे मिश फेरलाउफन’, म्हणजे ‘मी वाट चुकले आहे’, असे सांगावे (हे पायी चालताना, गाडीने चुकल्यास ‘फेरफारन’). मग कागदी नकाशा पुढे धरून ‘क्योनन झी मिर दास बिटे आउफ देअर कार्टे त्साइगन?’, म्हणजे ‘हे मला नकाशावर दाखवाल का?’, असे विचारावे. इथला ‘झी’ आपल्या ‘तुम्ही’सारखा आदरार्थी आहे, अनोळखी माणसाला ‘दू’ म्हणू नये.

उच्चारांत मराठी माणसाला एक मोठी सोय आहे. आपण ‘झुम’ लिहिले आहे, तिथे ‘चमचा’मधला दंत्य च हवा, ‘चार’मधला नव्हे. वर ‘त्साइगन’ लिहिले तोही हाच ध्वनी. ‘झी’मधला झ मात्र ‘माझा’मधला. ‘इश’मधला श सौम्य असतो : जीभ ‘य’च्या जागी ठेवून नुसती हवा सोडावी. शब्दाच्या आरंभीचा ‘स्ट’ हा ‘श्ट’ होतो, म्हणून रस्ता म्हणजे ‘श्ट्रासे’, आणि शहराचे नावही तिथे ‘श्टुटगार्ट’ असेच ऐकू येईल.

स्टेशन पुल्लिंगी, म्हणून ‘त्सुम बानहोफ’. औषधाचे दुकान स्त्रीलिंगी, म्हणून ‘त्सुअर आपोटेके’. थांबाही स्त्रीलिंगी, ‘त्सुअर हाल्टेश्टेले’. हे चुकले तरी कोणी अडवत नाही, तेव्हा त्यासाठी अडखळून राहू नका.

उत्तरात मोजकेच शब्द कानाने टिपायचे असतात : ‘गेराडेआउस’ (सरळ), ‘लिंक्स’ (डावीकडे), ‘रेश्ट्स’ (उजवीकडे), ‘आंपेल’ (सिग्नल), ‘गेगनयूबर’ (समोर). बोलणे भरभर वाटल्यास ‘बिटे लांगझाम’, म्हणजे ‘कृपया सावकाश’, असे म्हणावे. बसचा क्रमांक ऐकताना मराठी कामी येते, कारण जर्मनमध्येही एकक आधी येतो : 42 म्हणजे ‘त्स्वाइ-उंट-फिअरत्सिश’, आपल्या बेचाळीससारखेच आधी दोन आणि मग चाळीस.

लेकीच्या घराचा पत्ता आणि जवळच्या थांब्याचे नाव ठळक अक्षरांत लिहून पर्समध्ये ठेवा. पिवळ्या गोलात हिरवा ‘एच’ दिसला की तो बसचा किंवा ट्रामचा थांबा. तिथे थांब्याचे नाव लिहिलेले असते. कोपऱ्यावरच्या पाटीवरून रस्त्याचे नाव आणि जवळच्या दारावरचा घर क्रमांकही वाचून घ्या, कारण प्रकृती बिघडून 112 वर फोन करावा लागला, तर तिकडून ‘वो?’, म्हणजे ‘कुठे?’, हा प्रश्न हमखास येतो.