जोडी न जुळलेल्या रॅमचे तुमचे अनुभव सांगा

इंदिरानगर (धागा काढणारी):
घरूनच जीएसटी आणि टॅलीची कामं करते. कॉम्प्युटरमध्ये ८ जीबीची एकच रॅम होती, डीडीआर४ (म्हणजे रॅमची चौथी पिढी), २६६६ वेगाची. महिनाअखेरीला एक्सेल, टॅली आणि ब्राउझर एकदम उघडले की मशीन धापा टाकायचं. लेकाने कुठूनशी दुसऱ्या कंपनीची ८ जीबी आणली, ३२०० वाली, सेकंडहँड. लावली, १६ दिसले, पेढे वाटायचेच बाकी होते. तीन दिवस छान. चौथ्या दिवशी रिटर्न भरता भरता निळा स्क्रीन, त्यावर 'मेमरी मॅनेजमेंट'. आता घरात दोन पक्ष पडलेत. लेक म्हणतो विंडोजचा दोष, मी म्हणते या विजोड जोडीचा. तुम्ही अशी सरमिसळ केली असेल तर काय घडलं ते लिहा. 'नवीन मशीनच घ्या' हा सल्ला नको, तो रोज मिळतो.

अंबड एमआयडीसी:
ड्रॉइंगचं काम करतो. लॅपटॉपमध्ये ४ जीबी बोर्डावरच सोल्डर केलेली, एक स्लॉट मोकळा. त्यात ८ टाकली. 'ड्युअल चॅनल (दोन रॅम जोडीने चालून मिळणारा जादा वेग) जाणार' म्हणून मित्रांनी घाबरवलं होतं. पूर्ण जात नाही. माझ्या इंटेलवाल्यात दोन्हीकडचे ४-४ जोडीने चालतात, उरलेले ४ एकटे. दोन वर्षं झाली, तक्रार नाही.

नाशिकरोड, रिपेअरिंगवाला:
ताई, नुसता वेग वेगळा म्हणून सहसा बिघडत नाही. ३२०० वाली २६६६ वर उतरते, बैलजोडीतल्या मंद बैलाच्या चालीनं गाडी जाते तशी. माझ्याकडे जास्त येतात ते जुने लॅपटॉप. डीडीआर३ आणि डीडीआर३एल दिसायला सारख्या, खाचही तीच. पण साधीला १.५ व्होल्ट लागतात, एल १.३५ वर चालते. चौथ्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपला एलच हवी. देवळालीचं एक गिऱ्हाईक घरात पडलेली साधी रॅम लावून आलं. पंखा फिरतोय, स्क्रीन काळा. 'मदरबोर्ड गेला ना?' म्हणून तोंड एवढंसं झालेलं. एल टाकली, दोन मिनिटांत चालू. पैसे किती मागावे हेच कळेना. उलटं केलं तर चालतं बरं का, एल १.५ वरही चालते.

बाकी पावसाळ्यात येणाऱ्या कित्येक मशीनमध्ये रॅम चांगलीच असते, पिनांवर थर चढलेला असतो. खोडरबरने हलकेच पुसायचा. हसू नका, माझं जुलै-ऑगस्टचं भाडं त्यावरच निघतं.

सिडको, इंजिनिअरिंग थर्ड इयर:
माझ्याकडे ३२०० सीएल१६ होती (सीएल म्हणजे रॅम प्रतिसादाला किती चक्रं घेते तो आकडा), मित्राकडून ३६०० सीएल१८ घेतली. शहाणपणा करून एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगाने चालवायची तयार सेटिंग, ३६०० वर चालू केलं. मशीन उठेचना! रात्री बारा वाजता बोर्डावरचा बटण सेल काढून पाच मिनिटं हातात धरून बसलो, तेव्हा बायोस (बोर्डाच्या मूळ सेटिंग सांभाळणारा प्रोग्राम) मूळपदावर आलं. मग ३२०० वर ठेवलं, सुरळीत. आणि एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या आतल्याच ग्राफिक्सवर गेम खेळत असाल तर एकाच्या दोन रॅम झाल्यावर फरक डोळ्यांना दिसतो, विजोड असल्या तरी.

पंचवटी:
आमची फजिती ऐका. स्वस्त रॅमसाठी पहाटे पंचवटी एक्स्प्रेस पकडून दादर, तिथून ग्रँट रोड, मग लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. डीडीआर४, १६ जीबी, निम्म्या भावात. परतीच्या गाडीत भेळ खात सगळ्यांना फोन करून सांगितलं. घरी स्लॉटमध्ये अगदी नीट बसली. पण मशीन नुसतं बीप करतंय. ती निघाली सर्व्हरची, रजिस्टर्ड. स्टिकरवर तसं छापलेलंही होतं, पण वाचतो कोण? साध्या डेस्कटॉपला ती चालतच नाही. सध्या टीव्हीच्या शोकेसमध्ये आहे.

पिंपळगाव बसवंत, लग्नाचे अल्बम:
डीडीआर५ च्या दोन होत्या, आणखी दोन तशाच घेतल्या. मॉडेल तेच, डबाही तोच. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं काळा स्क्रीन. घाबरून मी दोनदा बटण दाबून बंद केलं. नंतर कळलं, मेमरीचं ट्रेनिंग चालू असतं, म्हणजे बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो, थांबायचं असतं. चार लावल्यावर वेग ३६०० वर घसरला. पण अल्बम अडकत नाहीत, आम्हाला तेवढंच हवं होतं.

इंदिरानगर (धागा काढणारी):
सगळ्यांचे आभार. खोडरबर झालं, काही फरक नाही. मग लेकाने पेनड्राइव्हवर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम, चूक सापडली की लाल ओळ दाखवतो) चढवून रात्रभर लावलं. पहाटे तीनला वीज गेली, पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही एकत्र असताना लाल ओळीच ओळी. मी जिंकल्याच्या थाटात चहा ठेवला. पण नंतर एकेक लावून पाहिली, तर जुनी एकटी स्वच्छ आणि नवी एकटी असतानाही त्याच लाल ओळी. म्हणजे जोडीचा दोषच नव्हता, तीच मुळात खराब. दोघंही हरलो. लेक ती परत करायला गेलाय, मी तोवर ८ वरच रिटर्न भरतेय. पंचवटीकर, तुमच्या शोकेसमध्ये जागा आहे का?