मदत हवी आहे: ओएएईपी१ टोकं जोडत नाही, नुसतं कापतंय

मंडळी, एन्झाइमवर काम केलेल्यांनी जरा डोकं लावा, माझं चालेनासं झालंय.

ओएएईपी१ हे ओल्डनलँडिया अफिनिस या वनस्पतीतलं एन्झाइम. काँगोत बाळंतपण लवकर व्हावं म्हणून जिचा काढा देत, तीच ही. त्यातलं कलाटा बी१ हे पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) उकळूनही शाबूत राहतं, कारण त्याला टोकच नाही: २९ अमिनो आम्लांची बंद माळ, आत तीन डायसल्फाइड बंध (गंधक-गंधक जोड). माळेची गाठ हे एन्झाइम मारतं. (असंच टोकं जोडणारं, गोकर्णाच्या शेंगांतलं ब्युटेलेज १ हे एन्झाइम जास्त गाजलंय, ठाऊक आहे. प्रयोगशाळेत हेच हाताशी होतं.)

ई. कोलाय या जिवाणूत बनवलं तर ते सुप्त मिळतं. पीएच ४ ला, म्हणजे आम्लात, ठेवलं की स्वतःचाच टोपीसारखा भाग कापून जागं होतं. जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करतात ती) पट्टा खाली सरकलेला दिसला, म्हणजे एन्झाइम लहान झालंय, इथवर ठीक.

माझं पेप्टाइड ग्लायसिन-ल्यूसिन या अमिनो आम्लांनी सुरू होतं, ॲस्परॅजिन-ग्लायसिन-ल्यूसिनवर संपतं. ॲस्परॅजिनपुढचं शेपूट तोडून तिथंच दुसरं टोक जोडायचं, एवढंच काम. मास स्पेकमध्ये (रेणूचं वस्तुमान मोजणारं यंत्र) १८८ डाल्टन (रेणूच्या वस्तुमानाचं एकक) घटायला हवेत, घटतात १७०. म्हणजे वर्तुळापेक्षा १८ जास्त. आधी वाटलं सोडियम चिकटलाय, पण त्याने २२ वाढले असते. तीनदा केलं, तेच. कुठं चुकतंय?

प्रतिसाद १: १८ म्हणजे सरळ सरळ पाणी. शेपूट गेलं, पण दुसऱ्या टोकाच्या जागी पाणी येऊन बसलं. अभिक्रिया कोणत्या पीएचला लावलीस?

धागाकर्ती: जागं केलं त्याच बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात). ४.

प्रतिसाद १: मग पाणी तिथंच मुरतंय! शेपूट तुटल्यावर पेप्टाइड एन्झाइममधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला, त्याच्या गंधकातून, थायोएस्टर बंधाने लटकलेलं असतं. ते सोडवायला ग्लायसिनचं अमिनो टोक यावं लागतं. आम्लात त्या टोकावर प्रोटॉन बसलेला, ते हल्ला करणार कसं? पीएच ४ ला फक्त जागं कर, मग बफर बदलून ६.५ च्या आसपास लाव.

प्रतिसाद २: आणि पेप्टाइड विकत घेतलं असेल तर सुरुवातीचं टोक ॲसिटिल लावून बंद केलेलं नाही ना, ते बघ. तसं असेल तर कुठल्याच पीएचला वर्तुळ होणार नाही. आमच्याकडे एकाने यात दोन महिने घालवले.

धागाकर्ती: ऑर्डर काढून बघितली, टोक मोकळं आहे. हुश्श. उद्या ६.५ ला लावते, सोबत ४ चा नमुनाही ठेवते.