शेती प्रकल्प व्यवस्थापनाचा दीर्घ अनुभव आहे. परदेशात काम नेमके कुठे शोधावे?

बांधावरचा (प्रश्नकर्ता):

नमस्कार. मी कृषी पदवीधर आहे. सुरुवातीची बरीच वर्षे ठिबक सिंचनाची आखणी आणि उभारणी यांत गेली, पुढे पाणलोट विकास आणि शेतकरी गटांची कामे केली, आणि सध्या एका दाता संस्थेच्या निधीतून चालणाऱ्या फळबाग प्रकल्पाचा व्यवस्थापक म्हणून वार्षिक आराखड्यापासून लेखापरीक्षणापर्यंतची सर्व जबाबदारी माझ्याकडे आहे. प्रकल्पाची मुदत संपत आली असून पुढील काही वर्षे परदेशात काम करण्याची इच्छा आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, स्वयंसेवी संस्था आणि खासगी कंपन्या अशा सर्वच ठिकाणी मी अर्ज केले. परंतु बहुतेक ठिकाणांहून साधी पोचदेखील आलेली नाही. वय चाळिशी ओलांडलेले आहे, हे त्यामागचे कारण असेल का? पीएमपी हे प्रकल्प व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवल्याने फरक पडेल का? शिवाय एका एजंटाने आखाती देशात शेती व्यवस्थापकाचे पद 'नक्की' करून देण्यासाठी आगाऊ रक्कम मागितली आहे. या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

लॉगफ्रेम:

वयाचा मुद्दा तूर्त बाजूला ठेवावा. एफएओसारख्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) संस्थेत पी-४ या व्यावसायिक श्रेणीच्या पदासाठी साधारण सात वर्षांचा आणि पी-५ साठी दहा वर्षांचा संबंधित अनुभव मागितला जातो, त्यामुळे तुमच्या वयाचे उमेदवार तिथे अपवाद नसतात. अडचण दुसरीकडेच असते. एफएओच्या नियमित व्यावसायिक पदांसाठी सहसा पदव्युत्तर पदवी लागते. शिवाय इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश यांपैकी एका भाषेवर कामापुरते प्रभुत्व आणि संस्थेच्या आणखी एका अधिकृत भाषेचे मर्यादित ज्ञान अपेक्षित असते. सल्लागार पदांना हा दुसऱ्या भाषेचा नियम सहसा लागू नसतो, म्हणून बाहेरून येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण आधी सल्लागार म्हणूनच आत शिरतात.

आता प्रकल्प व्यवस्थापक या पदाविषयी. आयफॅडच्या (संयुक्त राष्ट्रांचा कृषी विकास निधी) कर्जावर किंवा अनुदानावर चालणारे प्रकल्प त्या त्या देशाचे सरकार राबवते आणि प्रकल्प कक्षातील माणसे बहुधा त्याच देशातील असतात. म्हणजे तुम्ही आज जी खुर्ची सांभाळत आहात, ती दुसऱ्या देशात तिथल्या माणसाला मिळते, आणि ते रास्तही आहे. बाहेरच्या माणसाची गरज पडते ती तांत्रिक सल्ला, संनियंत्रण व मूल्यमापन, खरेदी प्रक्रिया किंवा मध्यावधी आढावा अशा ठरावीक कामांसाठी. जाहिरातीत 'राष्ट्रीय अधिकारी' असा उल्लेख असेल तर ते पद त्या देशाच्या नागरिकांसाठीच राखीव असते. तिथे अर्ज करणे म्हणजे निव्वळ कालापव्यय. तुमच्या अनेक अर्जांना पोच न येण्याचे हेही कारण असू शकेल.

काळही प्रतिकूल आहे. जुलै २०२५ मध्ये यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदत संस्थेचे परदेशी मदतीचे काम थांबले आणि उरलेली कामे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे गेली. ब्रिटननेही विकास मदत २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. परिणामी अन्नसुरक्षेच्या प्रकल्पांतील अनेक मुरलेले व्यवस्थापक आज त्याच जाहिरातींना अर्ज करत आहेत. रिलीफवेब या मदतकार्यातील नोकऱ्यांच्या जाहिराती देणाऱ्या संकेतस्थळावर रोज नजर ठेवावी. पण सर्व भिस्त त्यावर ठेवू नये.

हरितगृह:

वरील प्रतिसादातील माहिती बरोबर आहे, तरीही सल्लागार व्हावे या सल्ल्याशी मी सहमत नाही. ज्याने प्रत्यक्ष पाणी, खत आणि मजूर सांभाळले आहेत, त्याने अहवाललेखनाच्या बाजारात का उतरावे? हे दोन बाजार पूर्णतः निराळे आहेत. दाता संस्थेला निधी नियमानुसार आणि वेळेत खर्च झाला का हे हवे असते, तर उत्पादक कंपनीला प्रति हेक्टर किती माल निघाला आणि त्यातला किती निर्यातीच्या प्रतीचा होता, एवढेच. एकच बायोडाटा दोन्हीकडे पाठवला, तर तो दोन्हीकडे अर्धवट वाटतो.

आखाती देशांत पाण्याच्या टंचाईमुळे हरितगृहासारख्या नियंत्रित वातावरणातील शेतीवर भर आहे, तर आफ्रिकेत केनिया, इथिओपिया, झांबिया अशा देशांत मोठ्या व्यापारी शेतांवर सिंचन आणि उत्पादन सांभाळणारी माणसे लागतात. अशा ठिकाणच्या मुलाखतीत लॉगफ्रेमविषयी (दाता प्रकल्पांची उद्दिष्टे आणि निर्देशक मांडणारा तक्ता) चकार शब्द निघत नाही. मी ज्या मुलाखतींना बसलो आहे, तिथे विचारले जाते ते असे: माध्यमातील (मातीऐवजी कोकोपीटसारख्या पदार्थात वाढवलेल्या) पिकात निचऱ्याच्या पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे प्रमाण दाखवणारे माप) दिलेल्या पाण्यापेक्षा सतत वाढत चालली आहे, तर तुम्ही काय कराल? 'तज्ज्ञांना विचारीन' म्हटले की मुलाखत संपली. निचऱ्याचे प्रमाण तपासेन, सिंचनाच्या पाळ्या वाढवेन, दिल्या जाणाऱ्या द्रावणाची ईसी टप्प्याटप्प्याने खाली आणेन आणि तोवर रोज सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवेन, असे उत्तर आले की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो.

म्हणून बायोडाट्यात 'प्रकल्पाची यशस्वी अंमलबजावणी' यांसारखी वाक्ये अजिबात नकोत. किती हेक्टरची ठिबक यंत्रणा तुम्ही स्वतः आखली, शेवटच्या लॅटरलपर्यंत (ठिबकच्या उपनळीपर्यंत) दाब कसा राखला, तुमच्या हाताखाली हंगामात किती मजूर होते, कापणीपश्चात नुकसान कुठून कुठे आणले, हे आकड्यांत लिहावे. ग्लोबल गॅप या चांगल्या शेती पद्धतींच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरणाच्या तपासणीला तुम्ही सामोरे गेला असाल तर ते पहिल्या पानावर यायला हवे, कारण युरोपातील मोठ्या खरेदीदारांना माल देणाऱ्या कंपन्यांना त्याची नितांत गरज असते. पीएमपी वाईट नाही, पण शेतमालक त्यासाठी कोणालाही नेमत नाही. दाता प्रकल्प राबवणाऱ्या सल्लागार कंपन्यांकडे मात्र त्याचा थोडाफार उपयोग होतो.

कागदपत्र:

एजंटाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. पैसे देऊ नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या करार क्रमांक १८१ मध्ये खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये हेच मूळ तत्त्व आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्था भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर पैसे मागत नाहीत. काही देशांचे कायदे नोंदणीकृत एजंटाला मर्यादित शुल्काची मुभा देतात, हे खरे. परंतु मालकाचे नाव, शेताचे ठिकाण आणि सहीचा करार दाखवण्यापूर्वीच पद 'नक्की' करणारा माणूस त्या मर्यादेत बसणारा नसतो. करार हाती आला की कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर स्वतः पत्र पाठवून खातरजमा करावी. व्हिसावरील पदनाम आणि करारातील पदनाम एकच आहे ना, हेही पाहावे. करारात व्यवस्थापक आणि व्हिसावर शेतमजूर, असे झाल्यास पुढे कुटुंबाला बोलावणे आणि नोकरी बदलणे दोन्ही अडचणीचे होऊ शकते.

बांधावरचा:

तिघांचेही मनःपूर्वक आभार. एजंटाला आजच नकार कळवला आहे. 'हरितगृह' यांना एक उपप्रश्न आहे. माझा माध्यमातील पिकांचा अनुभव नाही, सर्व काम उघड्या शेतातील फळबागांचे आहे. मग आखाती देशांचा विचार सोडून द्यावा का? तसेच मुले शाळेत असल्यामुळे कुटुंब सोबत नेता येईल असे ठिकाण हवे आहे.

हरितगृह:

हरितगृहाची पदे तूर्त सोडावीत. सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाने ती उणीव भरून निघत नाही. तुमचा अनुभव आंबा, एव्होकॅडो, लिंबूवर्गीय किंवा मॅकाडेमियाच्या बागा लावणाऱ्या कंपन्यांना हवा आहे, विशेषतः जिथे नवी लागवड आणि सिंचन एकाच वेळी उभे राहत आहे. दक्षिण गोलार्धातील हंगाम उलटे असतात, तेव्हा लागवडीच्या आधी निदान चार-पाच महिने अर्ज पोहोचला पाहिजे. मोझांबिक किंवा अंगोलाकडे पाहत असाल तर पोर्तुगीज आजपासून शिकायला घ्या, कारण मुकादमाशी दुभाष्यामार्फत बोलणारा व्यवस्थापक शेतावर फार काळ टिकत नाही.

कुटुंबाचा प्रश्न मुलाखतीच्या शेवटी स्पष्ट विचारावा. मोठी शेते शहरापासून दूर असतात आणि 'कुटुंबासह निवास' या शब्दांत शाळा धरलेली नसते. शाळेचे शुल्क, वर्षातून एकदा घरी जाण्याचे तिकीट आणि गंभीर आजारात शहरात हलवण्याची सोय, या तीन बाबी करारात लेखी नसतील, तर पगार कितीही चांगला दिसला तरी सही करू नये.

लॉगफ्रेम:

फळबाग आणि सिंचन अशी जोडी असेल तर मीही माझा आग्रह मागे घेतो. मात्र सध्याच्या प्रकल्पाचा अंतिम मूल्यमापन अहवाल निघेपर्यंत थांबता आले तर थांबावे. त्या अहवालातील तुमच्या घटकाची दोन पाने आणि मूल्यमापन पथकाच्या प्रमुखाचा संदर्भ म्हणून होकार, हे दोन्ही प्रकल्प बंद झाल्यावर मिळवणे फार कठीण जाते.