मॅकार्टनीने पहिला सोलो अल्बम घरी कसा केला?

उमेदी_गिटार: बँड सुटलाय, आता माझी गाणी घरीच रेकॉर्ड करतोय. बीटल्स या इंग्लिश बँडमधल्या पॉल मॅकार्टनीच्या १९७० च्या ‘मॅकार्टनी’ अल्बममध्ये ड्रम, बेस, गिटार सगळं त्याचंच. कसं जमवलं असेल?

जुनी_कॅसेट: माझा जीव की प्राण अल्बम! लंडनमध्ये सेंट जॉन्स वूडच्या घरी त्याने स्टूडर कंपनीचं चार ट्रॅकचं (चार आवाज वेगवेगळे घेणारं) रेकॉर्डिंग मशीन आणलं. मिक्सर नाही, पातळी दाखवणारे मीटरही नाहीत. माइक थेट मशीनला. ते तपासायला गायलेला ‘द लव्हली लिंडा’चा तुकडाच अल्बमच्या सुरुवातीला आहे. साथीला बायको लिंडाचा आवाज, बाकी सगळा तोच. हा कच्चेपणा मला फार प्रिय आहे, तू तो घासूनपुसून काढू नकोस. मात्र सगळं घरचं नाही. ‘मेबी आय’म अमेझ्ड’ हे गाणं लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत केलं, तो घेतला ‘बिली मार्टिन’ या नावाने. आणि ‘जंक’ हे गाणं सुचलं ते आपल्या ऋषिकेशला, १९६८ मध्ये!

रात्रपाळी: प्रकाशनाचा इतिहास मात्र कडू आहे. बीटल्सच्याच ‘लेट इट बी’ अल्बमशी टक्कर नको म्हणून तारीख पुढे ढकल, हे सांगायला बँडचा ड्रमर रिंगो पॉलच्या घरी गेला, पॉलने त्याला बाहेर काढलं. १७ एप्रिललाच अल्बम आला. पत्रकारांच्या प्रतींसोबत स्वतःचीच प्रश्नोत्तरं होती, त्यावरून बीटल्स फुटल्याची बातमी जगभर झाली. रिंगोसाठी मला अजून वाईट वाटतं.

उमेदी_गिटार: मनापासून आभार, दोघांचेही. आज आधी ड्रमचा ट्रॅक घेतो, मग बेस.